वाचकांचे प्रश्न : पाणी, पाहुणा आणि दानपेटी

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मे महिन्यात बाप्तिस्मे ठरलेत. सोलापुरात तेव्हा वाहतं पाणी कुठलं? नळालाही काही दिवसांआड येतं. डोक्यावर पाणी ओतून दिलेला बाप्तिस्मा 'अर्धा', असं काही वडीलधारे म्हणतात.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हा वाद मंडळीइतकाच जुना आहे. 'डिडाखे', म्हणजे 'बारा प्रेषितांची शिकवण', ही १६ लहान अध्यायांची पुस्तिका साधारण पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. नव्या करारात ती नाही, पण त्या काळची मंडळी कशी चालायची ते तिच्यातून कळतं. सातवा अध्याय म्हणतो : वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नसेल तर कोमट चालेल, तेवढंही नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. एक तांब्या पुरतो! तुमच्या पंथाचा नियम बुडवून देण्याचाच असेल तर तो पाळा, पण दुसऱ्याच्या बाप्तिस्म्याला 'अर्धा' म्हणू नका.

चूक होते ती वेगळ्याच जागी. त्याच अध्यायात 'हे सगळं आधी सांगून' असे शब्द आहेत. 'हे सगळं' म्हणजे आधीच्या सहा अध्यायांतली जीवनाची आणि मरणाची वाट. शनिवारी नाव नोंदवलं, रविवारी बाप्तिस्मा, हे त्यात बसत नाही. घेणाऱ्याने एक-दोन दिवस उपवास करावा, देणाऱ्यानेही, आणि ज्यांना जमेल त्या इतरांनीही. सोलापूरच्या मे महिन्यात पाणी पिऊनच करा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांना 'जमेल त्यांनी' या शब्दांत सूट मिळालेली आहे.

प्रश्न : बाहेरगावचे एक प्रचारक आठवडाभर मुक्कामाला असतात आणि प्रार्थनासभेच्या शेवटी 'बियाणं पेरा', म्हणजे दान द्या, म्हणून क्यूआर कोड दाखवतात. नाही म्हटलं तर पाप लागेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पाण्याच्या बाबतीत एवढी सैल असलेली ही 'डिडाखे'ची शिकवण पैशाच्या बाबतीत फार कडक आहे, आणि आमच्या मते तिचं खरं मोल इथेच आहे. अकरावा अध्याय : फिरत्या प्रेषिताला प्रभूसारखं घरात घ्या, एक दिवस ठेवा, गरज असेल तर दुसरा. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा (देवाचा संदेश सांगतो म्हणणारा). निघताना पुढच्या मुक्कामापर्यंतची भाकर द्यावी. पैसे मागितले तरी तो खोटाच. आत्म्याच्या नावाने 'मला पैसे द्या' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मात्र दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका.

बाराव्या अध्यायात साध्या वाटसरूला दोन-तीन दिवसांची मुभा आहे. राहायचंच असेल तर त्याने हातातलं काम करून खावं. काम नको म्हणणाऱ्याला तिथे 'ख्रिस्ताचा व्यापार करणारा' म्हटलंय. हे वाचून कुणी आपल्या पाळकांच्या पगारावर घसरू नये. स्थायिक होऊन मंडळीची सेवा करणारा खरा संदेष्टा अन्नाला पात्र आहे, असं तेरावा अध्याय सांगतो.

आजच्या व्यवहारात : वक्त्याचा प्रवासखर्च व जेवण पंचकमिटीने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने) आधीच ठरवावं. कोड मंडळीच्या खात्याचाच असावा. पेटी दोघांनी मिळून मोजावी, रक्कम त्याच दिवशी वहीत लिहावी आणि दोघांनीही सही करावी. एकट्या खजिनदारावर सोपवलं की तो कितीही प्रामाणिक असला तरी कुजबुज सुरू होते. प्रेषित पौलानेही यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठीची वर्गणी आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ देऊन हाताळली, ती कुणी बोट ठेवू नये म्हणूनच (२ करिंथ ८:१६–२२).

प्रश्न : बांधावरून सख्ख्या भावाशी कोर्टात दावा चालू आहे. प्रभुभोजन (उपासनेतली भाकर व द्राक्षारस) घ्यावं का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : 'डिडाखे'चा चौदावा अध्याय स्पष्ट आहे : सोबत्याशी भांडण असलेल्याने समेट होईपर्यंत भाकर मोडायला, म्हणजे प्रभुभोजनाला, येऊ नये. समेट म्हणजे दावा मागे घेणं नव्हे. बांध मोजणीदार ठरवेल. बोलणं बंद असेल तर आधी ते सुरू करा, आणि तेही शनिवारच्या आत, म्हणजे रविवारी दोघांना एकाच बाकावर बसता येईल.