इंजिनीअरबाई, दोन पावसाळ्यांचा करार कर

प्रिय इंजिनीअरबाई,

अनेक आशीर्वाद.

भूकंपात पडलेली घरं पुन्हा उभी करायच्या कामावर नेपाळात जाजरकोटला निघालीस, हे वाचून बरं वाटलं. सामानात काय घ्यावं यावर तू अर्धं पान खर्च केलं आहेस, त्याचं उत्तर दोन ओळींत देतो. पायाला रुळलेले बूट, कपाळावर बांधायची बॅटरी, पावसात न फुटणाऱ्या शाईचं पेन आणि मोजपट्ट्या दोन, कारण एक कुणीतरी मागून नेणारच. उरलेलं वाटेत नेपाळगंजच्या बाजारात मिळतं.

खरा प्रश्न तू पत्राच्या शेवटी जाता जाता विचारलास: करार सहा महिन्यांचा घ्यावा की दोन वर्षांचा? माझं हे पत्र त्यासाठीच आहे.

भूकंपानंतर पहिल्या महिन्यात जाणाऱ्यांचा तोटा कधीच नसतो. पण घरांचं काम तेव्हा सुरूच झालेलं नसतं. नेपाळातला गोरखाचा मोठा भूकंप २५ एप्रिल २०१५चा. पुनर्निर्माण प्राधिकरणाचा कारभार हलला तो डिसेंबर संपताना. मधे पावसाळा गेला, सप्टेंबरपासून भारताच्या सीमेवर नाकेबंदी झाली, डिझेल मिळेना, आणि लोकांनी पडक्या घराच्या दगडांशेजारी पत्र्याची खोपटी घालून थंडी काढली. त्या वर्षी जाऊन आलेला माणूस सांगायचा, ‘काहीच होत नाहीये.’ चौथ्या वर्षी जाऊन आलेला सांगायचा, ‘घरं झाली की!’ दोघंही खरंच बोलत होते. फक्त घर कसं आणि कुणी ठरवलं, ते दोघांनीही पाहिलं नव्हतं. तुला ते बघायचं आहे.

तुझ्याकडचा भूकंप ३ नोव्हेंबर २०२३चा, गोरखाच्या मानाने लहान. तरी जाजरकोट आणि पश्चिम रुकुममध्ये दीडशेहून अधिक माणसं गेली, कारण मध्यरात्र जवळ आली होती आणि सगळे घरात झोपलेले होते. किल्लारीलाही हेच झालं: ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६, विसर्जनाहून दमून आलेली गावं. गोरखाचा धक्का मात्र शनिवारी दुपारी बाराच्या आत बसला, शाळांना सुट्टी होती, पुष्कळ माणसं शेतावर होती. तिथेही सुमारे नऊ हजार लोक गेले. रात्र असती तर आकडा कुठे गेला असता याचा विचार करवत नाही.

भिंत तिन्हीकडे एकाच जातीची. मातीत बसवलेले दगड, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे भर. लातूरकडे ती दोन-तीन फूट जाड असायची आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचं वजन. जाड म्हणून मजबूत, हा समज लोकांचा होता आणि आमच्यातल्याही काहींचा. धक्का बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, एक आत पडतो, एक बाहेर. म्हणून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठरावीक अंतराने हवा, कोपरे बांधलेले हवेत, आणि खिडकीच्या खाली, दाराच्या वर, छपराखाली घराला सलग फिरणारी पट्टी हवी. पट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोखंड आणि सिमेंटच येतं. जिथे सिमेंटची गोणी खेचराच्या पाठीवरून चढते तिथे तिची किंमत विचार, मग बोल. नेपाळच्या सरकारी नमुन्यांत लाकडी पट्टीही चालते. हे न सांगता ‘आरसीसीच पाहिजे’ म्हणणारे इंजिनीअर मी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे घरं मजबूत झाली नाहीत, कर्जं वाढली.

आता तुझ्या सहीबद्दल. गोरखानंतर घरामागे तीन लाख नेपाळी रुपये ठरले: आधी पन्नास हजार, पाया जोत्याला आला की दीड लाख, भिंती छपरापर्यंत नीट आल्या की शेवटचे एक लाख. (आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १ रुपया ६० पैसे, म्हणजे आपले दोन लाखांच्याही आतच.) प्रत्येक हप्त्याआधी कुणीतरी इंजिनीअर येऊन तपासणार आणि सही करणार. तुझ्याकडचे आकडे पालिकेत बसून समजून घे, पण सहीचं वजन तेच राहील. तू आषाढात ‘पुन्हा येते’ म्हणून गेलीस आणि रस्ता खचला, तर त्या घरची बाई उघड्या जोत्यापाशी पावसाळाभर बसते. म्हणून कमी काय आहे ते तिथल्या तिथे, गवंड्याच्या देखत, बोटाने दाखवून सांग. लिहून दे. आणि चुकीच्या भिंतीवर दयेने सही करू नकोस. त्या घरात रात्री कोण झोपणार आहे ते तू पाहिलेलं असतं.

हप्त्यांच्या घाईचा आणखी एक परिणाम बघशील. लोक हप्ता सुटावा म्हणून एका खोलीचं पक्कं घर उभं करतात आणि राहतात शेजारच्या तडे गेलेल्या जुन्या घरात, कारण चूल, धान्य, बकऱ्या त्या एका खोलीत मावत नाहीत. अहवालात ते घर ‘पूर्ण’ असतं. किल्लारीनंतर बावन्न गावं नव्या जागी हलवली. जमिनीच्या हिशोबाने कुणाला अडीचशे चौरस फूट, कुणाला चारशे, कुणाला साडेसातशे. सरळ रेषेतले रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. नकाशा देखणा होता. पण ज्यांना गल्लीत, ओट्यावर, वाड्याच्या भिंतीआड राहायची सवय त्यांना त्या माळावर करमेना. जिथे लोकांनी जुन्या जागेवर आपणच दुरुस्ती केली, आणि गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पैशांचा, सामानाचा हिशोब विचारू लागल्या, तिथलं काम मला जास्त आवडलं. हे माझं मत. माझ्या बरोबरीचे काहीजण आजही यावर भांडतात.

तशाच बायका तुला जाजरकोटला शोधायच्या आहेत. त्या डोंगरांतले पुरुष पोटासाठी भारतात येतात. मुंबई-पुण्यात राहून परतलेला एखादा तुझ्याशी हिंदीत गोड बोलेल, तुला हायसं वाटेल आणि तू त्याच्याच ओसरीवर बसशील. पण मधल्या काळात घर सांभाळलं ते त्याच्या आईने नाहीतर बायकोने. तिच्याशी मोडक्या नेपाळीत बोल. ती हसेल, हसू दे.

प्रवासाचं फार सांगत नाही. कोहलपूरहून छिन्चूपर्यंत नीट जाशील, पुढे जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंत, म्हणजे खलंगापर्यंत, आणि त्याच्याही पुढे पावसाळ्यात रस्ता रोज नवा असतो. चालकाने जीप थांबवली तर घाई करायला सांगू नकोस. सकाळी नऊ-दहाला डाळभात पोटभर खा, पुढचं जेवण रात्रीच. असारमध्ये, म्हणजे त्यांच्या आषाढात, भातलावणी असते, दशैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या, सुमारास गवंडी घरी जातात. त्या दिवसांत प्रशिक्षण ठेवणारी वेळापत्रकं मुख्यालयातून येतील, ती बदलून घे. परत आल्यावर काही दिवस रात्री पलंग हलल्यासारखा वाटेल. मला अजूनही वाटतो कधीकधी, ट्रक गेला की.

तेव्हा करार दोन पावसाळ्यांचा घे. पहिल्या पावसाळ्यात तू त्यांना शिकवशील असं तुला वाटेल. दुसऱ्यात तू वर चढताना दिसलीस की लोक स्वतःहून नवं काम दाखवायला नेतील, लपवलेलंही. संस्था सहाच महिने देत असेल तर लेखी विचार की तुझ्यानंतर त्याच वाड्यांवर कोण जाणार. उत्तर नसेल तर मला फोन कर, दुसरी संस्था शोधू.

भिंतीचे फोटो पाठवशील तेव्हा कोपरा दिसू दे आणि शेजारी मोजपट्टी धर. नाहीतर मला इथून काही कळत नाही.

तुझा,
सर