एमटीपीच्या (गर्भपाताच्या) केसला ड्युटी लागली तर

जालन्याच्या एका खासगी प्रसूतिगृहात नुकत्याच लागलेल्या मुलीने विचारलंय : मी कॅथलिक आहे, गर्भपाताच्या केसला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभं राहायला मन धजत नाही. नाही म्हटलं तर कामचुकार ठरेन. नोकरी सोडू का?

बेटा, नोकरी सोडू नकोस. मी बत्तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी बीड जिल्ह्यात. ओटीतल्या कामाला नाही म्हणता येतं, पण ते कधी म्हणायचं हे महत्त्वाचं. माझी पहिली चूक तिथेच झाली. बाई टेबलावर घेतल्यावर मी मागे सरले. मग बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर धावत आणावी लागली आणि तो वॉर्ड तासभर उघडा पडला. त्या बाळंतिणींनी माझं काय वाकडं केलं होतं? म्हणून ड्युटी लिस्ट लागायच्या आधी मेट्रनला, म्हणजे मुख्य नर्सला भेट. या केसेसला मी राहणार नाही, त्याबदल्यात रात्रपाळी घेईन, असं दोन ओळींत लिहून दे.

कायद्याचा धाक मात्र दाखवू नकोस. १९७१ च्या एमटीपी कायद्यात कर्मचाऱ्याच्या नकाराबद्दल स्पष्ट कलम नाही. घटनेच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे, पण तेही सार्वजनिक आरोग्याच्या अधीन राहून. मेट्रनचा तुझ्या कामावरचा विश्वास इथे जास्त उपयोगी पडतो.

आता नकार नेमका कशाला? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘इव्हांजेलियम व्हिटे’ या परिपत्रकात सल्लामसलत, तयारी आणि प्रत्यक्ष कृती या तीन टप्प्यांत भाग न घेण्याची मुभा डॉक्टर-नर्सना हवी, असं म्हटलंय. नंतर त्या बाईचा बीपी बघणं, रक्तस्राव बघणं, तिला चहा देणं ही शुश्रूषा आहे, ती मनापासून कर. गर्भाचे ठोके आधीच थांबलेत आणि क्युरेटिंग (पिशवी साफ) करायचंय, तर तो जीव घेणं नव्हे. गर्भनळीत गर्भ राहून नळी फुटली असेल तर आईला वाचवायला नळी काढतात, तिथे पाऊल मागे घेऊ नकोस. नव्या मुली या तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजतात आणि विनाकारण रडतात. आणि त्या बाईला उपदेश करू नकोस. तिचं नाव चर्चच्या पायरीवरसुद्धा निघता कामा नये. गुप्तता मोडणाऱ्या डॉक्टरला तर एमटीपी कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे.

पण तू विचारलं नाहीस ते मला जास्त सांगायचंय. एमटीपीला ठाम नाही म्हणणारी मी, गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनची ट्रॉली मात्र वर्षानुवर्षं मुकाट्याने लावत होते. दसऱ्याआधी ऊसतोडीच्या बाया यायच्या, तिशीही न ओलांडलेल्या. अंगावरून पांढरं जातं एवढीच तक्रार. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशवीच काढा म्हणायच्या, आणि कॅन्सरची भीती घालून ती काढलीही जायची. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली : ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. हे आकडे वाचले त्या रात्री मी जेवले नाही. त्यातल्या काही जणींना भूल द्यायच्या आधी मीच हात धरून धीर दिला होता. रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवली नाही, आणि सोमवारी हे. तेव्हा कुठे गेला होता माझा विवेक?

अशी एखादी बाई तुझ्याकडेही येईल. सोनोग्राफी झाली का, औषधं किती महिने घेतली, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का, एवढं तिला विचार. उत्तर ‘नाही’ आलं तर ते केसपेपरवर लिही आणि डॉक्टरांना तिच्यासमोरच सांग.