भात्यातला दिवा : ‘सायको’ नसलेलं सायकेडेलिक

एका वाचकाचे तीन प्रश्न आलेत. ‘द यार्डबर्ड्स’ या इंग्लिश बँडबद्दल त्यांच्या वाचनात आलं की, ‘सुरुवातीला ब्लूज-रॉक वाजवणारा हा बँड पुढे सायकोडेलिक झाला.’ त्यावरून ते विचारतात : शब्द ‘सायकोडेलिक’ की ‘सायकेडेलिक’? त्याला मराठीत काय म्हणायचं? आणि ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं संगीत, ते ‘ऐकला’, ‘ऐकली’ की ‘ऐकले’?

पहिल्याचं उत्तर झटपट देतो : सायकेडेलिक. ‘के’. ‘को’ म्हणणाऱ्यांनी माझं डोकं उठवलंय. परवा एका साखरपुड्यात मागच्या रांगेतून ऐकलं, ‘तिची साडी बघ, काय सायकोडेलिक आहे!’ जांभळ्या साडीवर पोपटी बुट्टे, बस्स, एवढाच त्या साडीचा गुन्हा. भडक म्हणा, झगझगीत म्हणा, डोळ्यात खुपते म्हणा. मराठीत भडकपणाला शब्दांचा तोटा कधी होता? पण नाही. कॉलेजात ‘तो जरा सायको आहे’ हे रुळलंच होतं, त्याला ‘डेलिक’ची शेपटी लावली की झाला शब्द.

गंमत अशी की हा शब्द ज्यानं घडवला त्यानं ‘सायको’चा वास येऊ नये म्हणून मुद्दाम काळजी घेतली होती. हंफ्री ऑस्मंड, इंग्लिश मनोविकारतज्ज्ञ, नोकरीला कॅनडात. १९५३ साली त्यानं लेखक ऑल्डस हक्सलेला मेस्कलिन हे जाणिवा बदलणारं द्रव्य दिलं. अशा द्रव्यांना तेव्हा जी नावं होती ती बहुतेक वेडाशी बांधलेली, आणि दोघांनाही ती नको होती. मग १९५६ मध्ये पत्रांतून नव्या नावाचा खल झाला, तोही दोन-दोन ओळींची यमकं जुळवून. हक्सलेचं म्हणणं ‘फॅनरोथाइम’. ऑस्मंडचं ‘सायकेडेलिक’. ग्रीक ‘प्सिखे’ म्हणजे जीव, मन. ‘डेलॉस’ म्हणजे उघड, स्पष्ट दिसणारं. मनात दडलेलं उघड्यावर आणणारं, ते सायकेडेलिक.

यावर शुद्धिवाले लगेच उठतात. ग्रीक समासात मधला स्वर ‘ओ’ हवा, म्हणून सायकॉलॉजीसारखं ‘सायकोडेलिक’च शुद्ध, वगैरे. व्याकरणात बसतं, मान्य. पण शब्द घडवणारा डॉक्टर होता, आणि ‘सायकोसिस’ची, म्हणजे वेडाची, आठवण करून देणारी चिठ्ठी त्याला औषधाच्या बाटलीवर नको होती. शब्दाच्या बापानं बारशाला जे नाव ठेवलं ते बदलायचा अधिकार शेजाऱ्याला नसतो.

हक्सलेचा शब्द पडला याचं मात्र मला दुःख आहे. त्यातला ‘थाइम’ म्हणजे ग्रीक ‘थुमॉस’, आतली उसळी, ऊर्मी. आणि हा थुमॉस आपल्या ‘धूम’चा, म्हणजे धुराचा, सख्खा भाऊ. मन धुमसतं म्हणतो ना आपण? ग्रीकांचं मन व्युत्पत्तीतच धुमसतं. तो शब्द टिकला असता तर आज हा लेख धुरावर झाला असता.

पण ‘प्सिखे’ही काही कमी नाही, आणि खरं सांगायचं तर हे सगळं मी एवढ्यासाठीच लिहायला घेतलंय. प्सिखेच्या मुळाशी ग्रीक क्रियापद आहे ‘फुंकणे’, श्वास सोडणे. भाषाशास्त्रज्ञ युलियस पोकॉर्नी यांच्या इंडो-युरोपीय (म्हणजे संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांच्या सामायिक मुळांच्या) कोशात याच धातूखाली संस्कृतातली ‘भस्त्रा’ दिली आहे. भस्त्रा म्हणजे चामड्याची पिशवी, फुंकायची. योगवर्गाला जाणाऱ्यांनी ‘भस्त्रिका’ केलेली असेल. आणि भस्त्रेचं मराठी रूप? भाता! लोहाराचा भाता.

म्हणजे साऱ्या जगाची ‘सायकॉलॉजी’ आणि आपल्या आठवडी बाजारातल्या लोहाराचा भाता एकाच घरातले. यावर काही भाषाशास्त्री नाक मुरडतात. नातं पुरेसं सिद्ध नाही म्हणतात. मुरडोत. ग्रीक शब्दाचं मूळ पटकन सापडलं नाही की ‘ग्रीकपूर्व भाषेतला असावा’ असा शिक्का मारून मोकळं व्हायचं, ही त्या मंडळींची जुनी खोड. ग्रीकपूर्व भाषा कोणी ऐकलेली नाही. भाता मी ऐकलेला आहे.

लहानपणी आमच्या बाजाराच्या टोकाला लोहाराचं पाल असे. त्याची बायको भाता ओढायची. दांडी खाली आली की पिशवी चपटी होई, नळीतून ‘हूऽऽफ’ असा आवाज येई, आणि राखेखाली मेलेला वाटणारा कोळसा एकदम नारिंगी व्हायचा. दांडी वर गेली की पुन्हा काळा. फुंकर आणि उजेड, फुंकर आणि उजेड. आता ‘डेलॉस’ बघा. त्याचं मूळ अनेक कोशकार ‘चकाकणे, तळपणे’ या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात. आपले देव आणि दिवस त्याच गोतातले, आणि दिव्याचं बूडही तिथेच कुठेतरी. प्सिखे अधिक डेलॉस म्हणजे फुंकर अधिक उजेड. ऑस्मंडनं कॅनडात बसून लोहाराचं पाल लिहिलं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

बरं, यार्डबर्ड्स. प्रश्न त्यांचाही होता.

नावावर थोडं थांबतोच. ‘यार्डबर्ड’ म्हणजे रेल्वेच्या यार्डात पडून राहणारा, मिळेल त्या मालगाडीत चढणारा भटक्या. गायक कीथ रेल्फनं तो शब्द या अर्थानं आणला. जॅझवाला चार्ली पार्कर याचंही ते टोपणनाव. आता ‘यार्ड’ म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा, आणि तिचं संस्कृत भावंड ‘गृह’, म्हणजेच आपलं ‘घर’. ज्याला घर नाही अशा माणसाच्या नावातच घर! पोरांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी नाव बदललं असतं का, कोण जाणे. मला वाटतं नसतं.

तर १९६३ साली लंडनच्या उपनगरातली ही पोरं शिकागोच्या कृष्णवर्णीयांचे ब्लूज वाजवू लागली. रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबात रोलिंग स्टोन्स मोठे होऊन निघून गेले आणि त्यांची जागा यांना मिळाली. त्याच वर्षी एरिक क्लॅप्टन गिटारवर आला. रेल्फ गायचा आणि हार्मोनिका वाजवायचा. हार्मोनिका हे वाद्य सोपं नाही : फुंकताना एक सूर, श्वास ओढताना दुसरा. आणि या माणसाला दमा होता! १९६४ मध्ये फुप्फुसाचं दुखणं विकोपाला गेलं, रुग्णालय झालं, बरा झाल्यावर पुन्हा मंचावर येऊन फुंकू लागला. फाटका भाता, पण कोळसा पेटवत होता.

त्यांची खासियत होती ती ‘रेव्ह-अप’. गाणं चालू असताना मधेच गायन थांबायचं. बास, ढोल, गिटार, हार्मोनिका हळूहळू एकावर एक चढत जायचं, लय दुप्पट, आवाज वर, अजून वर, आणि फुटेल फुटेल म्हणताना पुन्हा मूळ गाण्यावर धाडकन उतरायचं. भाताच की हा! (हाच ‘रेव्ह’ आपल्या वर्तमानपत्रांत ‘रेव्ह पार्टीवर छापा’ म्हणून येतो. मूळ फ्रेंचमधलं, बरळणे, भ्रमणे या अर्थाचं. १९६५ साली यार्डबर्ड्सच्या अमेरिकेतल्या एका रेकॉर्डच्या नावातच ‘रेव्ह अप’ होतं. तेव्हा तो शब्द नाचगाण्याच्या जल्लोषापुरता होता. पोलीस पुढे आले.)

मार्च १९६५ मध्ये ‘फॉर युअर लव्ह’ आलं. त्यात हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोचा पूर्वज, आणि बोंगो ही जोड-ढोलकी. गाणं तुफान चाललं आणि क्लॅप्टन बँड सोडून गेला; त्याला निव्वळ ब्लूज हवे होते. अनेक रॉक-इतिहासकार इथे गळा काढतात : शुद्ध ब्लूज संपले, बाजार सुरू झाला. मला हे सोवळं पटत नाही. मिसिसिपीहून शिकागोला गेलेल्यांनी ब्लूजना वीज जोडली तेव्हा ते विटाळले नाहीत, मग इंग्लंडात हार्प्सिकॉर्डनं कसे विटाळले?

क्लॅप्टनच्या जागी आला जेफ बेक, आणि इथे आपला खरा संबंध येतो. पुढचं गाणं ‘हार्ट फुल ऑफ सोल’. (सोल म्हणजे प्सिखेच, पण तो मोह आवरतो.) त्याच्या मुख्य धूनेसाठी लंडनच्या स्टुडिओत सतारवादक बोलावला होता. सतारीचा आवाज त्या गदारोळात पातळ पडला, गाण्यात बसेना. मग बेकनं तीच धून इलेक्ट्रिक गिटारवर घेतली, आवाज मुद्दाम खरखरीत करणारी फझची पेटी जोडली, आणि तार ओढून सूर वाकवले. मींडच ती, फक्त वीज लावलेली. हे जून १९६५ मधलं. बीटल्सच्या रेकॉर्डवर सतार आली ती त्याच वर्षी डिसेंबरात. म्हणजे इंग्लिश रॉकच्या ज्या रंगाला पुढे सायकेडेलिक म्हटलं गेलं, त्याच्या पायरीवर एक न वाजलेली सतार उभी आहे.

फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘शेप्स ऑफ थिंग्ज’. अनेक जण याला पहिलं सायकेडेलिक रॉक गाणं म्हणतात. पहिलं-दुसरं हा वाद मी घालत नाही, तो वाद घालणाऱ्यांना संध्याकाळी दुसरं काम नसतं. ऐकण्यासारखं आहे ते बेकचं फीडबॅक : स्पीकरचा आवाज परत गिटारच्या तारेत शिरतो, तार त्यावर आपणहून घुमते, तो घुमार पुन्हा स्पीकरमध्ये. वाद्य स्वतःचाच श्वास घेतं. आणि हे ध्वनिमुद्रण बरंचसं झालं कुठे? शिकागोच्या चेस स्टुडिओत. ज्या चेसनं ब्लूजमधल्या दिग्गज मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी काढल्या त्याच वास्तूत. ब्लूज सोडून सायकेडेलिक ‘झाला’ म्हणणाऱ्यांनी हे सांगावं की सोडून गेला तो माहेरीच कसा पोचला.

म्हणून वाचकाच्या वाक्यातल्या ‘झाला’वर माझी हरकत ‘को’पेक्षा मोठी आहे. धर्मांतर केल्यासारखा हा ‘झाला’ येतो. भाता तोच होता. आधी त्यात हार्मोनिकाची फुंकर होती, मग फीडबॅकची आली.

पुढचं चटकन. १९६६ मध्ये बासवाला पॉल सॅमवेल-स्मिथ गेला, जिमी पेज आला. थोडा काळ बेक आणि पेज दोघेही गिटारवर. त्याच काळात इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या ‘ब्लो-अप’ या चित्रपटात बेक गिटार फोडताना दिसतो. (‘ब्लो-अप’ म्हणजे फोटो मोठा करणे. शब्दशः फुंकून फुगवणे. बघा, भाता पाठ सोडत नाही.) त्या वर्षाच्या शेवटी बेकही गेला. पेज गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवू लागला. जुलै १९६८ मध्ये ल्यूटनला शेवटचा कार्यक्रम झाला. पेजनं नवे भिडू घेतले, काही आठवडे ‘न्यू यार्डबर्ड्स’ नाव चालवलं, मग नाव बदलून ‘लेड झेपेलिन’ केलं. तोच पेज १९७२ मध्ये झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लँट याला घेऊन मुंबईत आला आणि इथल्या वादकांबरोबर स्टुडिओत दोन गाणी वाजवून गेला. स्टुडिओतली ती सतार अखेर वाजली म्हणायची.

रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्यानं गेला. अर्थिंग नीट नव्हतं. वय ३३.

आता मराठी शब्द. ‘भ्रमजनक’, ‘चित्तभ्रमकारी’ असे प्रतिशब्द सुचवले जातात. ते सपशेल उलटे आहेत. ऑस्मंडनं जे टाळायला शब्द घडवला तेच आपण मराठीत परत आणून ठेवलं! डेलॉस म्हणजे उघड, तेव्हा ‘मनउघड’ म्हणा. ‘मनउघड संगीत’, ‘मनउघड रंग’. बोजड वाटतो? ‘दूरदर्शन’ही पहिल्या दिवशी बोजडच वाटला असेल. माझ्या घरच्यांनी हा शब्द ऐकून फक्त ‘बरं’ म्हटलं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तोवर ‘सायकेडेलिक’ चालेल, साडीला सोडून.

तिसरा प्रश्न विसरत होतो. ब्लूज म्हणजे जुन्या इंग्रजीतली ‘ब्लू डेव्हिल्स’, मानगुटीवर बसणारी निळी भुतं. एकटं येत नाही ते दुःख, टोळीनं येतं. तेव्हा ‘ब्लूज ऐकले’. पोहे खाल्ले म्हणतो तसं.