दहा-बारा क्लब आणि सहा-सात देश फिरलेला फुटबॉलपटू म्हणजे कुठेच न टिकलेला खेळाडू का?

तुम्ही विचारलंय की विकिपीडियावर एखाद्या खेळाडूच्या नावाखाली क्लबांची लांबलचक यादी दिसली, दर वर्षाला नवा देश दिसला, तर त्याच्यात काहीतरी कमी आहे असं समजायचं का. माझ्या मते बहुतेक वेळा उलटं असतं. बारा क्लब म्हणजे बारा वेळा कुणीतरी पगार मोजून त्याला घेतलंय. खरोखर कमी पडणाऱ्यांची यादी तिसऱ्या क्लबपाशीच आटपते.

सेबास्तियान आब्रेऊचंच घ्या. उरुग्वेचा हा स्ट्रायकर २०१७च्या अखेरीस चिलीतल्या आउदाक्स इटालियानोकडे गेला, तो त्याचा २६वा क्लब. सर्वाधिक क्लबांकडून खेळल्याबद्दल त्याची गिनीजमध्ये नोंद झाली, आणि त्यानंतरही गडी थांबला नाहीच. पण २०१०च्या वर्ल्ड कपमध्ये घानाविरुद्ध पेनल्टी शूटआउटची निर्णायक किक मारायला उरुग्वेकडून हाच पुढे आला होता. गोलकीपर एका बाजूला झेपावला आणि याने चेंडू हलकेच वर उचलून जाळ्यात सोडला. उरुग्वे सेमीफायनलमध्ये! कच्च्या खेळाडूवर असली किक कुणी सोपवत नाही.

त्याच्याआधी हा विक्रम ज्याच्या नावावर होता तो जर्मन गोलकीपर लुट्झ फानेनस्टील. फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला माणूस. सिंगापूरमध्ये मॅच फिक्सिंगच्या आरोपावरून तो १०१ दिवस तुरुंगात होता (आरोप त्याने कायम नाकारला), आणि इंग्लंडमध्ये एका सामन्यातल्या टक्करीत त्याचा श्वास बंद पडला होता. तिथून वाचून तो पुन्हा खेळला. सगळ्यांचं आयुष्य इतकं नाट्यमय नसतं, पण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे मात्र सगळ्यांनाच लागू.

आता हे लोक इतके फिरतात का? मुख्य कारण करार. बेल्जियन खेळाडू बॉसमनच्या खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये युरोपियन कोर्टाचा निकाल लागला, त्यानंतर युरोपियन युनियनमध्ये करार संपलेला खेळाडू, नव्या क्लबने जुन्याला कुठलीही ट्रान्सफर फी न देता, दुसऱ्या क्लबकडे जाऊ लागला. मोठ्या खेळाडूंना याचा प्रचंड फायदा झाला. मधल्या दर्जाच्या खेळाडूंसाठी मात्र ही दुधारी गोष्ट ठरली: फी भरायची नाही म्हटल्यावर क्लबही त्यांना एका हंगामापुरतं घेतो आणि कोच बदलला की नवा करार देत नाही. आपल्याला लांबून वाटतं की हा क्लब सोडून गेला. पुष्कळदा त्याला सोडलेलं असतं.

पुढचा क्लब कुठल्या देशात मिळेल हे ठरवण्यात खेळाइतकाच पासपोर्टचा हात असतो. आशियातल्या क्लब स्पर्धांमध्ये अनेक वर्षं ३+१चा नियम होता, म्हणजे तीन परदेशी कुठलेही आणि चौथा आशियाईच हवा. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये आशियाई महासंघात आला, त्यामुळे तिथल्या डिफेंडरांना या चौथ्या जागेसाठी चांगलीच मागणी आली. अर्जेंटिनाच्या खेळाडूचे आजोबा इटलीचे असतील आणि त्यावर त्याने इटालियन पासपोर्ट काढला, तर युरोपात तो परदेशी खेळाडूंच्या कोट्यातून सुटतो. एजंट याची चौकशी गोलांच्या आकड्यांआधी करतात.

शिवाय फिफाचा नियम असा, की एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी करता येते, पण अधिकृत सामने दोघांकडूनच खेळता येतात. दुसरा क्लब चुकीचा निघाला की पुढच्या हंगामापर्यंत बसून राहा. पण हंगाम सगळीकडे एकाच वेळी नसतो; नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत तो वसंतापासून शरदापर्यंत चालतो, म्हणून कुठली लीग कधी सुरू होते हे असल्या खेळाडूंना तोंडपाठ असतं.

पगाराची गोष्ट सगळ्यात वाईट. फिफप्रो या खेळाडूंच्या संघटनेने २०१६ मध्ये सुमारे १४,००० खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा ४१ टक्के जणांचा आधीच्या दोन हंगामांत कधी ना कधी पगार उशिरा झालेला होता. मला फिफाच्या तंटा निवारण कक्षाचे निकाल वाचायचा नाद आहे (असतात एकेकाचे छंद). जुन्या निकालांत नावं नसतात, नुसता ‘खेळाडू अ’ आणि ‘क्लब ब’. पण त्यातून माणूस दिसतो. महिन्याचा ठरलेला पगार, घरभाडं, घरी जायची विमानाची तिकिटं, आणि मग कुठल्या महिन्यापासून काय थकलं त्याचा हिशेब. करार मोडायला कारण हवं म्हणून क्लब त्याला संघापासून वेगळं काढून एकट्यालाच सराव करायला लावतो, असंही त्यात वाचायला मिळतं. २०१८ पासून नियम स्पष्ट आहे: दोन महिन्यांचे पगार थकले तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो. सही झाल्यावर ‘मेडिकलमध्ये गुडघा खराब निघाला’ म्हणून हात झटकणंही चालत नाही, कारण मेडिकल पास होण्याच्या अटीवर करार करताच येत नाही. तपासणी करायची तर सहीच्या आधी. अर्थात केस जिंकली तरी पैसे हातात पडेपर्यंत बराच काळ जातो, आणि तोवर घर चालवायला पुढचा देश गाठावाच लागतो.

घरच्यांची फरफट होतेच. मुलांची शाळा दर वर्षी बदलणं जमत नाही, म्हणून बरेच जण कुटुंब मागे ठेवून एकटे राहतात.

तेव्हा पुढच्या वेळी असं पान उघडलंत की क्लबांच्या शेजारचा सामन्यांचा रकाना बघा. हंगामात तीसेक सामने आणि लगेच नवा देश, तर बहुधा करार संपलेला असतो किंवा पगार थकलेला. चारच सामने आणि पुढे काही महिने कोरे, तर दुखापत किंवा नोंदणीचा घोळ. आणि पस्तिशीनंतरही तो रकाना भरत असेल, तर त्या माणसाला आपला धंदा पक्का कळलेला आहे.