दिवाळखोरीच्या क्लिनिकचा विचार करतेयस म्हणून

प्रिय मुली,

या सत्रात कायद्याच्या क्लिनिकमध्ये, म्हणजे जिथे विद्यार्थी पर्यवेक्षक वकिलांच्या हाताखाली गरजूंची प्रकरणं हाताळतात तिथे, प्रो बोनो (विनामोबदला) कामासाठी इमिग्रेशन घ्यावं, भाडेकरूंचे खटले घ्यावेत की दिवाळखोरी, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर दिवाळखोरी. न्यूयॉर्कच्या बारमध्ये प्रवेशासाठी, म्हणजे तिथे वकिलीची परवानगी मिळण्यासाठी, लागणारे प्रो बोनोचे ५० तास कुठल्याही विषयात भरतील. पण एखादं प्रकरण पहिल्या भेटीपासून शेवटच्या आदेशापर्यंत स्वतः हाताळायला मिळणं विद्यार्थ्याच्या वाट्याला फार क्वचित येतं. चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे अमेरिकी दिवाळखोरी कायद्यातल्या परतफेडीच्या योजनेविना कर्जमुक्तीच्या प्रकारात, अर्ज दाखल झाल्यावर साधारण चार महिन्यांत कर्जमुक्तीचा आदेश येतो, म्हणून इथे ते जमतं. मोठ्या फर्ममध्ये उन्हाळाभर राबलेल्या विद्यार्थ्यालाही खटल्याचा एखादा तुकडाच दिसतो.

हे नुसते फॉर्म भरण्याचं काम आहे असं तुला कुणीतरी सांगेल. फॉर्म खूप आहेत, हे खरंच. पण त्यातला प्रत्येक रकाना म्हणजे समोरच्या माणसाला विचारायचा एक प्रश्न असतो, आणि तो कसा विचारायचा हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. 'तुमची काही मालमत्ता आहे का?' असं विचारलंस तर उत्तर 'नाही' असंच येणार. त्याऐवजी विचार: टॅक्सचा परतावा यायचा आहे का? अपघाताची भरपाई मागितली आहे का? घरमालकाकडे डिपॉझिट आहे का? म्हाताऱ्या आईच्या बँक खात्यावर सोयीसाठी तुमचंही नाव घातलंय का? कायद्याच्या नजरेत यातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद व्हावी लागते, पण अशिलाच्या डोक्यात यातलं काहीच 'मालमत्ता' नसतं.

घरच्यांना दिलेल्या पैशांचा प्रश्न सर्वांत नाजूक. अडचणीतला माणूस हातात चार पैसे आले की आधी आईचे किंवा भावाचे उसने फेडतो. ते त्याला कर्तव्य वाटतं आणि मला त्यात काही गैर दिसत नाही. पण अर्जाच्या आधीच्या वर्षभरात जवळच्या नातेवाईकाला केलेली अशी परतफेड ट्रस्टी (घेणेकऱ्यांच्या वतीने प्रकरण पाहायला नेमलेली व्यक्ती) त्या नातेवाईकाकडून परत मागू शकतो. अर्ज दाखल करण्यापूर्वी हे कळलं तर थांबायचं की नाही हे तुझे पर्यवेक्षक वकील ठरवू शकतात. नंतर कळलं तर आईच्या दारात मागणीचं पत्र येतं. म्हणून हा प्रश्न पहिल्याच भेटीत, सावकाश, दोन वेगवेगळ्या प्रकारे विचार. गेल्या दोन वर्षांत गाडी किंवा जमीन कुणाच्या नावावर केली का, हेही सोबत विचार.

मग खर्चाचं शेड्यूल, म्हणजे अर्जासोबतचा महिन्याच्या खर्चाचा तक्ता. अशील इथे लाजेपोटी खर्च कमी सांगतात. किराणा, औषधं, मुलांचे कपडे, सगळंच कमी. आपण उधळे नाही हे त्यांना तुला पटवून द्यायचं असतं. परिणाम उलटा होतो: कागदावर महिन्याअखेर पैसे शिल्लक दिसतात आणि मग त्यातून कर्ज का फेडत नाही असा प्रश्न येतो. 'इतके का खर्च केलेत?' असं कधीही विचारू नकोस. 'त्या महिन्यात काय झालं होतं?' असं विचार. नोकरी गेली होती, मूल दवाखान्यात होतं, नवरा सोडून गेला होता, हे तेव्हाच बाहेर येतं.

पुष्कळ अशील न उघडलेली पाकिटं पिशवीत भरून आणतात. ती त्यांच्यासोबत बसून फोड. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांचे क्रेडिट रिपोर्ट काढ, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. दवाखान्याची बिलं, जुन्या घरमालकाची थकबाकी, मित्राकडून घेतलेले पैसे त्यात बहुधा सापडत नाहीत. यादीतून सुटलेल्या घेणेकऱ्याला नोटीस जात नाही आणि पुढे त्यावरून वाद होऊ शकतो.

कधीकधी योग्य सल्ला असतो तो अर्ज न करण्याचा, आणि मला वाटतं खरं वकिली शिक्षण तिथेच मिळतं. एखाद्या वृद्ध बाईचं उत्पन्न फक्त सोशल सिक्युरिटीचं (सरकारी निवृत्तिवेतनाचं) असेल आणि नावावर काहीच नसेल, तर सामान्य घेणेकरी तिच्या त्या पैशाला हात लावू शकत नाहीत. वसुलीवाल्यांचे फोन बंद करण्यासाठी तिला एक नीट लिहिलेलं पत्र पुरतं. दुसऱ्या कुणाची पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरली असेल तर आज केलेल्या अर्जात ती बिलं येणारच नाहीत, आणि चॅप्टर ७ ची कर्जमुक्ती पुन्हा मिळायला ८ वर्षांचं अंतर लागतं. अशा वेळी घाई करणं म्हणजे त्या माणसाचं नुकसान करणं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: सही वकिलाची असते. माहितीची रीतसर चौकशी केली असून तिच्यात चूक असल्याचं आपल्याला ठाऊक नाही, असं त्या सहीतून ते कोर्टाला सांगत असतात. म्हणून अशिलाने फोनवर 'मग माझी गाडी राहील ना?' असं विचारलं तर 'विचारून सांगते' म्हण, आणि त्याच दिवशी खरोखर विचारून सांग. शिक्षणकर्जाबद्दलही असंच. ते बाकीच्या कर्जांबरोबर आपोआप सुटत नाही, त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो.

अर्ज दाखल होताच वसुलीला स्थगिती लागते. पगारातून कपात चालू असेल तर मालकाच्या पगार विभागाला त्याच दिवशी कळव, उद्यावर टाकू नकोस. ३३८ डॉलरची फी परवडत नसेल तर हप्ते मागता येतात, आणि उत्पन्न फारच कमी असेल तर माफीही. पुढे ट्रस्टीसमोर शपथेवर प्रश्नोत्तरं होतात, हल्ली बहुधा झूमवर. तिथे न्यायाधीश नसतात आणि साध्या प्रकरणात काही मिनिटांत सगळं आटोपतं, पण अशिलाला आदल्या रात्री झोप लागत नाही. आधी एकदा सराव करून घे.

शेवटी दुसऱ्या कोर्सकडे लक्ष दे. अर्जाआधीच्या १८० दिवसांत करायचं क्रेडिट समुपदेशन सगळ्यांना आठवतं, कारण त्याशिवाय सहसा अर्जच करता येत नाही. अर्जानंतरचा आर्थिक व्यवस्थापनाचा कोर्स मात्र विसरला जातो. त्याचं प्रमाणपत्र कोर्टात पोचलं नाही तर प्रकरण कर्जमुक्तीशिवाय बंद होतं आणि ते पुन्हा उघडायला फी पडते. तुझं सत्र संपलं असलं तरी त्यासाठी अशिलाला फोन कर.

क्लिनिकमध्ये कुठल्या प्रकारची प्रकरणं घेतात ते पहिल्या बैठकीनंतर मला कळव. चॅप्टर १३ असेल तर मी वेगळं लिहीन. तिथे ३ ते ५ वर्षांची परतफेडीची योजना असते, तुझ्या एका सत्रात ती पुरी होणार नाही, आणि प्रकरण पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती कसं सोपवायचं याची तयारी पहिल्याच आठवड्यापासून करावी लागते.

सस्नेह,
तुझी मावशी