डार्क मॅटरसाठी परदेशी निघताय? सॉलिड स्टेट सोबत आणा

एमएस्सीला सॉलिड स्टेट (घन पदार्थांचं भौतिकशास्त्र) घेतलंत, आता डार्क मॅटरवर, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थावर, पीएचडीसाठी परदेशी निघालात, मग शिकलेलं वाया जाईल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. मीही हीच धास्ती घेऊन इथे आलो आणि पहिलं वर्ष कणभौतिकी नव्याने घोकण्यात घालवलं. संशोधन गटाला माझ्याकडून हवं होतं ते बँड स्ट्रक्चर, म्हणजे स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांना कोणत्या ऊर्जा घेता येतात याचा नकाशा.

डार्क मॅटरचे कण प्रोटॉनपेक्षा खूप हलके असतील, तर त्यांच्या धडकेने अणुकेंद्रक जेमतेम हलेल. म्हणून इलेक्ट्रॉनकडे बघायचं. आपल्या दीर्घिकेत या कणांचा वेग प्रकाशाच्या साधारण हजाराव्या भागाइतका धरतात. त्या हिशेबाने १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ईव्ही; कणांचं वस्तुमानही या ऊर्जेच्या एककात सांगतात) वस्तुमानाच्या कणाची गतिज ऊर्जा भरते अवघी अर्धा ईव्ही. झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२ ईव्ही लागतात. स्फटिकात इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा म्हणजे बँड गॅप: सिलिकॉनचा १.१ ईव्ही, जर्मेनियमचा ०.६७. कोणता कण दिसेल आणि कोणता निसटेल, हे बरंचसं इथेच ठरतं. डार्क मॅटर शोधणाऱ्या सेन्सेई प्रयोगात सिलिकॉनच्या स्किपर सीसीडी (कॅमेऱ्यातल्यासारख्या संवेदक चिप) वापरतात, त्या एकेक इलेक्ट्रॉन मोजू शकतात.

पण गॅप लहान म्हणजे पदार्थ उत्तम, असं समजू नका. ही चूक मी बराच काळ केली. अतिवाहक ॲल्युमिनियममध्ये मिलि-ईव्हीहून (ईव्हीच्या हजाराव्या भागाहून) कमी ऊर्जाही पुरते, पण तितकीच ऊर्जा उष्णतेतून आणि भटक्या अवरक्त किरणांतूनही येते. शिवाय पदार्थातले इलेक्ट्रॉन एकेकटे नसतात. कणाची आंतरक्रिया विद्युतप्रभारासारखी असेल, तर ते सगळे मिळून तिला झाकतात. या स्क्रीनिंगचा हिशेब डायइलेक्ट्रिक फंक्शनमधून (पदार्थ विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या राशीतून) निघतो. टकरींचा दर ज्या एनर्जी लॉस फंक्शनवरून (पदार्थ धडकणाऱ्या कणाची ऊर्जा किती शोषतो ते सांगणाऱ्या राशीवरून) काढता येतो, ते प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून मोजता येतं, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

स्फटिक सर्व दिशांना सारखा नसेल, तर पृथ्वी फिरते तशी कण स्फटिकावर येण्याची दिशा बदलते, म्हणून टकरींचा दर दिवसभरात बदलायला हवा. साध्या गोंगाटात असा ठेका सहसा नसतो.

निघण्यापूर्वी क्वांटम एस्प्रेसो या सॉफ्टवेअरवर सिलिकॉनचे बँड स्वतः काढा. मार्गदर्शकांना पहिल्याच मेलमध्ये विचारा: तुमच्या डिटेक्टरचा डार्क करंट (काहीच न धडकताही येणारा प्रवाह) किती आहे आणि पदार्थाची गणितं गटात कोण करतं? ‘कोणीच नाही’ असं उत्तर आलं, तर तिथे तुमची गरज आहे, पण शिकवणारं कोणी नसेल. म्हणून शेजारच्या विभागात सहमार्गदर्शक मिळेल का, तेही आधीच लेखी विचारून घ्या.