फाइट मास्टर व्हायचंय? आधी दहा वर्षं पडायची तयारी हवी

पत्र : मुलगा बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून मल्लखांब करतो, राज्य स्पर्धेपर्यंत गेलाय. आता म्हणतो, सिनेमात फाइट मास्टर व्हायचं, कॉलेज नको. मुंबईतली एक अ‍ॅकॅडमी तीन महिन्यांच्या कोर्सचे दीड लाख मागते आणि कामाची हमी देते. मागच्या महिन्यात मित्रांच्या दोन बाइकवर पाय ठेवून रील करायला निघाला होता, शेजाऱ्यांनी अडवलं. त्याचे बाबा त्याच्याशी बोलेनासे झालेत. धाकटी मुलगीही मल्लखांब करते आणि तीही आता तेच म्हणू लागली आहे. काय करावं?
— एक आई, मिरज

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी बाइकचं बोलू, कारण ते आजच थांबायला हवं. १९९१ च्या ‘फूल और काँटे’मधली अजय देवगणची दोन मोटरसायकलींवरची एंट्री अजून मोबाइलवर फिरते. त्या सिनेमाचे फाइट मास्टर त्याचे वडील वीरू देवगण होते. मुलाला एक साधं गणित घालून द्या. दोन गाड्यांच्या वेगात ताशी फक्त २ किमीचा फरक पडला, तर एका सेकंदात एक गाडी दुसरीच्या जवळजवळ दोन फूट पुढे जाते. तेवढ्यात पाय फाकतात, कंबर पिळली जाते आणि उडी मारायची तर पायाखाली जोर घ्यायला काही उरत नाही. खड्डा, वाळू, घाबरून दाबलेला ब्रेक हे सगळं वेगळंच. स्टंटमध्ये फरक कुठे पडू शकतो हे आधी शोधतात, मग उडी ठरवतात. मुलाला हे गणित आवडलं तर तो या कामाचा आहे. कंटाळा आला तर नाही.

आता कॉलेजचं. शाम कौशल हे नाव त्याला विकी कौशलचे वडील म्हणून माहीत असेल. पंजाबातून आलेले हे गृहस्थ इंग्रजीचे एम.ए. मुंबईत आधी सेल्समनची नोकरी केली, १९८० मध्ये स्टंटमन झाले आणि १९९० मध्ये ‘इंद्रजालम्’ या मल्याळम चित्रपटापासून स्वतंत्र फाइट मास्टर म्हणजेच अ‍ॅक्शन डायरेक्टर. म्हणजे मधली दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली पडणं, मार खाणं, हिरोचा डुप्लिकेट होणं आणि बघत शिकणं. ‘बाजीराव मस्तानी’ आणि ‘दंगल’साठी त्यांना अ‍ॅक्शनचं फिल्मफेअर मिळालं, ते त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी. फायटर, डुप्लिकेट, मास्टरचा असिस्टंट आणि मग मास्टर, हा जिना चुकवून वर नेणारा तीन महिन्यांचा कोर्स नाही. पदवी या वाटेत आड येत नाही. शिवाय मास्टरला बजेट मांडावं लागतं, दिग्दर्शकाशी स्क्रिप्टवर बसावं लागतं, संगणकावर दृश्यं घडवणाऱ्या व्हीएफएक्सवाल्यांशी, माणसाला हवेत टांगणारी कुठली केबल पडद्यावरून पुसायची हे ठरवावं लागतं.

मास्टरचं काम जवळून बघायचं तर खोक्यांवरची उडी घ्या. वीस फुटांवरून पडणारा माणूस खाली पोचेपर्यंत ताशी सुमारे ३९ किमी वेगात असतो. तो अर्ध्या फुटाच्या गादीत थांबला तर अंगावर सरासरी वजनाच्या चाळीसपट जोर येतो. चार फूट दबणाऱ्या खोक्यांत थांबला तर पाच-सहापट. सगळा खेळ थांबायला मिळणाऱ्या अंतराचा. म्हणून पुठ्ठ्याची रिकामी खोकी थरावर थर रचतात, झाकणं घट्ट चिकटवत नाहीत कारण आतली हवा निघायला वाट लागते, बाहेरून दोर आवळतात म्हणजे ढीग फाकत नाही, वर गाद्या टाकतात. उतरायचं पाठीवर, हनुवटी छातीला लावून. पायांवर उतरलं तर पाय खोक्यांत घुसतात आणि गुडघे तोंडावर आपटतात. चुका कुठे होतात? पावसाळ्यात पुठ्ठा ओलसर होऊन जीव सोडतो. पहिल्या टेकला चेपलेली खोकी घाईत तशीच ठेवून दुसरा टेक घेतला जातो. किंवा कॅमेऱ्यासाठी ढीग दोन फूट सरकवला जातो आणि वरच्याला कुणी सांगत नाही. हे तिन्ही बघणं मास्टरचं काम, आणि न पटल्यास शूटिंग थांबवणंही त्याचंच.

मोठ्या उडीपेक्षा साध्या गोष्टीत लोक जास्त गाफील राहतात. १९८२ मध्ये बंगळूरला ‘कुली’च्या शूटिंगमध्ये अमिताभ बच्चन जिवावरच्या दुखण्यात सापडले, तो शॉट एक गुद्दा आणि टेबलावर पडणं एवढाच होता. अंदाज चुकला आणि टेबलाची कड पोटात बसली. २०१६ मध्ये कर्नाटकात ‘मास्ती गुडी’च्या वेळी हेलिकॉप्टरमधून जलाशयात उड्या मारलेले दोन कलाकार बुडाले. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्या प्रकरणी स्टंट डायरेक्टरला अटक झाली. ‘मास्टर’ म्हणवून घेणं म्हणजे ही जबाबदारी घेणं, हे मुलाला बाबांनी समोर बसवून सांगावं. अबोल्यापेक्षा त्याचा उपयोग होईल.

मल्लखांबाने त्याला पकड दिली, पोटात ताकद दिली आणि हवेत आपण कुठे आहोत याचं भान दिलं, ते केबलच्या कामात सोन्यासारखं आहे. पण मल्लखांबपटू नेटका पायांवर उतरतो. स्टंटमध्ये बेढब, मार बसल्यासारखं पडायचं असतं. म्हणून पुढच्या वर्षात ज्युदो लावा, त्यात सुरुवातीला पडणंच शिकवतात. कोल्हापूर जवळ आहे, तिथे मर्दानी खेळाच्या आखाड्यात लाठी आणि दांडपट्टा शिकू दे. मराठीत ऐतिहासिक सिनेमे निघतच असतात, हाताला शस्त्राची सवय असलेला मुलगा तिथे उपयोगी पडतो. पोहणं, घोडा, अठरा पूर्ण झाल्यावर गाडीचं लायसन्स. दोराचं शास्त्र शिकायला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स चांगला. आणि मोबाइलवर एडिटिंग. गुद्दा चेहऱ्यापासून वीतभर लांबून जातो, तो लागला असं कॅमेऱ्याचा कोन आणि समोरच्याची रिअ‍ॅक्शन दाखवते. हे एडिट करताना जितकं कळतं, तितकं व्यायामशाळेत कळत नाही.

मुंबईत हिंदी-मराठी सिनेमांतलं हे काम मूव्ही स्टंट आर्टिस्ट्स असोसिएशनच्या सभासदांच्या हातात आहे. सभासदत्वाच्या कार्डाची चाचणी, वयाची अट, फी हे त्यांच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा आणि पैसे भराल तिथे पावती घ्या. अ‍ॅकॅडमीला मात्र दोनच प्रश्न लेखी विचारा : कार्ड तुम्ही मिळवून देता का, आणि प्रशिक्षणात अपघात झाला तर विमा कोणाचा? हमी देणाऱ्याने यावर टाळाटाळ केली तर दीड लाख वाचले असं समजा. तेवढ्या पैशात वर सांगितलेलं बहुतेक शिकून होईल.

विम्याबद्दल नीट ऐका. साध्या अपघात विम्यात धोक्याची कामं बहुधा वगळलेली असतात. फॉर्मवर ‘विद्यार्थी’ किंवा ‘कलाकार’ लिहून पॉलिसी काढली आणि स्टंट करताना हाड मोडलं, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. व्यवसाय खरा लिहायचा, हप्ता जास्त पडला तरी. काम रोजंदारीचं असतं आणि पैसे कधी कधी तीन-तीन महिन्यांनी हातात येतात, म्हणून सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय त्याला मुंबईला पाठवू नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी चालू ठेवता येते. स्टंटचं जमलं नाही तर मल्लखांबाचा प्रशिक्षक, व्यायामशिक्षक किंवा उंच इमारतींवर दोरावरून काम करणारा तंत्रज्ञ, या तिन्ही वाटांना हेच शिकलेलं कामी येतं.

धाकटीला नाही म्हणू नका. ‘शोले’त टांग्यावर हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण होत्या, आणि बायकांच्या जागी विग घातलेले पुरुष उभे करायची पद्धत अजूनही पुरती गेलेली नाही, म्हणजे शिकलेल्या मुलींना जागा आहे. तिची अडचण कपड्यांची असेल. हिरोच्या जॅकेटखाली कोपर-गुडघ्याचे पॅड आणि हार्नेस, म्हणजे केबलला अडकवायचा अंगावरचा पट्टा, लपतो, नायिकेच्या बिनबाह्यांच्या ब्लाउजखाली लपत नाही. तिला पडणं भावापेक्षा जास्त पक्कं लागेल, तेव्हा ज्युदोला दोघांचंही नाव एकाच दिवशी घाला. आणि कपडेपटाशी आधी बोलून पातळ पॅड आतून शिवून मागायची सवय तिला पहिल्या कामापासून लागू दे.